कोण आधी बिचकलं

हर्षदा घोरपडे कुठलंही घर बघायला आधी एकटी जायची. "तुम्हा दोघांना उगाच कशाला उन्हात फिरवायचं?" असं ती नवऱ्याला आणि मुलीला म्हणायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, केवढी काळजी आहे बाईला घरच्यांची. तिलाही तसंच वाटायचं, आणि तिच्या भल्या स्वभावाबद्दल कुणी कधी शंका घेतली नव्हती.

त्रिदल सोसायटीतही ती एकटीच गेली. पुण्याच्या उत्तर टोकाची आखूड, सावलीची गल्ली. मेट्रोचं स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर, शाळा त्याहून जवळ. शेजारच्या गॅलरीत ताटात सांडगे वाळत घातले होते. गल्लीतून चालताना हर्षदानं फोन बघितला. 'उंबरा' अ‍ॅपमध्ये गल्ली हिरवीगार होती.

किल्ली चेअरमनकडे असायची. फडतरे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, अंगात बनियन, गळ्यात चष्मा. चौकशी केल्याशिवाय त्यांनी आजवर कुणाला जिना चढू दिला नव्हता.

"कुठनं आलात, ताई?"

"बाहेरून. म्हणजे लंडनहून."

ती नैरोबीहून आली होती. लंडनच्या विमानतळावर तिनं एकदा विमान बदललं होतं, तेवढाच तिचा त्या शहराशी संबंध.

"मूळच्या कुठल्या?"

"साताऱ्याच्या."

"मग घरच्याच की! आणि मिस्टर?"

"इंजिनिअर आहेत. बसच्या बॅटऱ्यांचं काम, चाकणला."

"नाही, कुठले म्हणतो मी."

"ते पण बाहेरचेच," हर्षदा म्हणाली आणि स्वयंपाकघर दाखवाल का, असं विचारत आत शिरली. ओटा ऐसपैस होता. खिडकीतून समोरच्या बाईंचा रेडिओ ऐकू येत होता. हर्षदाला वाटलं, इथंच राहावं.

तिचा नवरा म्वांगी कामाऊ हा केनियातला किकुयू. हर्षदा विमा कंपनीत दावे तपासायला नैरोबीला गेली होती, तिथं दोघं भेटली आणि लग्न करून अकरा वर्षं तिथंच राहिली. आता म्वांगीला पुण्यात काम मिळालं होतं. किकुयूंच्या रीतीप्रमाणे पहिल्या मुलीला तिच्या वडिलांच्या आईचं नाव ठेवलं होतं, वाम्बुई. साताऱ्याच्या आजीनं पहिल्याच फोनवर त्याचं अंबू करून टाकलं आणि ते चिकटलं. अंबू नऊ वर्षांची. रंग आणि केस बापाचे, हनुवटी आणि हट्ट आईचा. कंपनीचं गेस्ट हाउस महिनाअखेर सोडायचं होतं, जूनमध्ये शाळा सुरू व्हायची होती, आणि घर काही ठरत नव्हतं.

आता 'उंबरा' काय मोजायचं, ते सांगायला हवं.

रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांत महापालिकेनं छोटी रडारं बसवली होती. रस्ता मोकळा असेल तर दिवा मंद करायचा, एवढंच त्यांचं काम. त्यातून निघणाऱ्या रेडिओलहरींची लांबी तांदळाच्या दाण्याएवढी. त्या माणसाच्या अंगावर आदळून परत येतात. श्वास घेताना छाती जेवढी हलते, तेवढा फरकही त्यांत उमटतो. कॅमेरा नाही, चेहरा नाही, नाव नाही. खांबाला फक्त इतकंच कळतं, की इथं कुणीतरी चालतंय, असा श्वास घेतंय, अशी पावलं टाकतंय.

पुढे दोन संशोधक मैत्रिणींच्या एक गोष्ट लक्षात आली. अनपेक्षित काही समोर आलं की माणसाचा श्वास डोळ्याची पापणी लवेपर्यंत अडतो आणि पाऊल वीतभर बाजूला पडतं. हे ज्याचं त्याला कळत नाही. चेहऱ्यावर हसू आणता येतं, जिभेवर साखर ठेवता येते, पण छातीला ऐनवेळी कुणी शिकवू शकत नाही. त्या दोघींनी याला साधं नाव दिलं, बिचक, आणि तिच्यावर 'उंबरा' उभं केलं. कुटुंबानं मनगटावर एकेक पट्टी बांधायची आणि गल्लीतून चालत जायचं. आसपास बिचक किती झाली, त्यावरून फोनवर गल्ली हिरवी, पिवळी किंवा लाल व्हायची.

ज्यांना आडनाव सांगितल्यावर "अहो, कालच गेली जागा" असं हसून ऐकवलं जायचं, त्यांच्यासाठी हे अ‍ॅप म्हणजे मोठाच आधार होता. मुसलमान जोडपी, ईशान्येकडची पोरं, एकट्या राहणाऱ्या बाया, जात विचारली गेली की गप्प होणारे लोक. गोड बोलण्यावर विसंबायची गरजच उरली नाही.

मग घरांच्या किमती हिरव्या-लाल रंगावर ठरू लागल्या, तशा सोसायट्याही जाग्या झाल्या. काही ठिकाणी सभासदांसाठी प्राणायामाचे वर्ग निघाले. एका सोसायटीच्या ग्रुपवर तर असा निरोप फिरला म्हणे, की उद्या भाडेकरू जागा बघायला येणार आहेत, तरी सर्वांनी दहा ते बारा या वेळेत संथ श्वास घ्यावा.

हर्षदा 'उंबरा'वर डोळे मिटून विश्वास ठेवायची. ती एकटी गेली की प्रत्येक गल्ली हिरवी दिसायची. मग रविवारी तिघं मिळून जायची आणि गल्ली लाल व्हायची. अशा सहा गल्ल्या तिनं बाद केल्या होत्या. दर वेळी तिला आपल्याच माणसांचा राग यायचा. "बघितलंस? वरून किती गोड, आणि आत हे," असं ती म्वांगीला सांगायची. तो ऐकून घ्यायचा.

त्या रविवारी रिक्षातून उतरताना ती हळूच म्हणाली, "इंग्लिशमध्येच बोल हं. बरं पडतं."

म्वांगीनं मान हलवली. त्याचं मराठी सासूबाईंकडून, व्हिडिओ कॉलवर शिकलेलं, अस्सल साताऱ्याचं होतं. सासूबाई त्याचं बोलणं शेजारणींना बोलावून ऐकवायच्या. हर्षदाला मात्र चारचौघांत त्यानं "काय चाललंया?" म्हटलं की कानकोंडं व्हायचं. इंग्रजी बोलणारा परदेशी म्हणजे साहेब, आणि साताऱ्याचं बोलणारा परदेशी म्हणजे गंमत, असं तिचं गणित होतं.

गल्लीत दोन बायका भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. एक माणूस गाडी धूत होता. त्यांनी बघितलं, नाही कशाला म्हणायचं? फडतरे काकांनी तर म्वांगीला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, "उंची झकास आहे हो. टाकीवरचा बल्ब बदलायला आम्हाला स्टूल लागायचं नाही आता."

हर्षदाला भुई दुभंगावी असं वाटलं. म्वांगी खो खो हसला. ती तडक वर गच्ची बघायला निघून गेली. खाली आली तेव्हा म्वांगी आणि काका पाण्याच्या मोटरीपाशी उकिडवे बसले होते आणि अंबू मोटरीचं झाकण धरून उभी होती. हर्षदानं फोन बघितला. त्रिदलची गल्ली लाल झाली होती.

"संपलं," ती गेस्ट हाउसवर येऊन म्हणाली. "हेही बाद."

"मला आवडलं," म्वांगी म्हणाला. घरात तो मराठीच बोलायचा. "मेट्रो जवळ हाय. शाळा जवळ हाय. त्यो म्हातारा बी ब्येस हाय."

"लाल आहे, म्वांगी! अंबूला रोज त्या गल्लीतून जायचंय. आपण मोझाईकला जाऊ. तिथं चाळीस देशांची माणसं आहेत. कुणी कुणाला विचारत नाही, कुठले म्हणून."

मोझाईक हे शहराबाहेरचं टॉवरांचं गाव होतं. तिथून चाकणला जायला दोन तास, यायला दोन तास. तिथल्या शाळेत मराठी नव्हतं. म्वांगी अंबू झोपायच्या आत कधी घरी पोचला नसता.

"ल्येक मला रविवारीच दिसंल मग," तो म्हणाला.

"मग काय, तिला रोज लोकांच्या नजरा सोसायला लावू?"

अंबू दारात उभी होती. "मला ती मोटरवाली बिल्डिंग चालेल," ती म्हणाली. "मोझाईक पण चालेल. आईला जिथं बरं वाटेल तिथं."

"बघ, किती समजूतदार आहे," हर्षदा म्हणाली. म्वांगीनं तिच्याकडे एकदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी हर्षदा 'उंबरा'च्या कार्यालयात गेली. त्रिदलमधलं नेमकं कोण बिचकलं, त्याचा पुरावा तिला म्वांगीपुढे ठेवायचा होता. दावे तपासण्यात तिची हयात गेली होती, पुराव्याशिवाय ती बोलायची नाही.

साळवी नावाच्या मध्यमवयीन माणसानं तिला खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. "तपशीलवार बघायचंय ना? तुम्ही एकट्याच आलात, ते बरं केलंत."

पडद्यावर गल्ली उमटली, वरून बघितल्यासारखी. तिच्यातून चालणारे ठिपके. "हा पिवळा ठिपका तुम्ही," साळवी म्हणाले. "हा लहान तुमची मुलगी, हा मोठा मिस्टर. करडे ठिपके म्हणजे गल्लीतली माणसं, ती कोण ते आम्हालाही माहीत नसतं. फोनवरचा रंग फक्त एकूण बिचक किती, कुणाचीही असो, ते सांगतो. कुणापासून सुरू झाली, ते इथं दिसतं. कोण आधी बिचकलं आणि कोण नंतर, तो क्रम महत्त्वाचा."

ठिपके गल्लीत वळले. भाजीवाल्या पिशव्यांचे दोन करडे ठिपके अजून लांब होते, त्यांच्याभोवती काहीच नव्हतं. तेवढ्यात पिवळ्या ठिपक्याभोवती एक कडं उमटलं आणि तो बाजूला सरकला. लहान ठिपक्यापासून दूर. आधी अर्धं पाऊल, मग एक.

"हे काय?" हर्षदा म्हणाली.

"तुमचा श्वास अडला."

मग मोठा ठिपका पुढे येऊन दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेत चालू लागला. करड्या ठिपक्यांभोवती कडी उमटली, पण नंतर, आणि लगेच विरलीही.

"माणसं बिचकली नाहीत असं नाही," साळवी म्हणाले. "दाराशी हे एक गृहस्थ आहेत ना, ते चांगलेच दचकलेत. पण एकदाच. पुढं बघा, ते मिस्टरांना खेटून बसलेत."

"यंत्र चुकत असेल."

"चुकतं की. म्हणून आम्ही एका गल्लीवरून ठरवत नाही." त्यांनी एकेक करून तिच्या बाकीच्या सहा गल्ल्या उघडल्या. कुठं करडी कडी जास्त होती, कुठं कमी. एका गल्लीत तर खरोखरच माणसं वाईट होती, फाटकाशी घोळका करून उभी. पण सातही ठिकाणी पहिलं कडं पिवळ्या ठिपक्याभोवती होतं.

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. हर्षदानं एकापाठोपाठ एक सात अंगणं वाकडी ठरवली होती.

"ती माझ्यापासून लांब गेली असेल," ती म्हणाली.  "मुलं पळतात इकडेतिकडे."

साळवींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पहिल्या तीन गल्ल्यांमध्ये तुम्ही सरकलात, ताई. नंतर तसं नाही. नंतर गल्लीचं तोंड आलं की मुलगीच मागं राहते. तुम्हाला सरकावं लागत नाही. त्रिदलमध्ये तेवढी ती विसरली असावी, कशाच्या तरी नादात."

 हर्षदाला लाज वाटली, इतकी की अंगावरच्या कपड्यांचीही वाटली. ती स्वतः काळीसावळी. साताऱ्यात लग्नाकार्यात फोटोला उभं राहताना तिची गोरी काकू तिच्यापासून अर्धं पाऊल बाजूला सरकायची. कुणाच्या लक्षात यायचं नाही इतकंच. हर्षदाच्या यायचं. ते अर्धं पाऊल तिला पाठ होतं, आणि तिनं तेच आपल्या पोरीला देऊन टाकलं होतं. वर पुन्हा गल्लोगल्ली जाऊन लोकांची मनं किती कोती आहेत याचा निवाडा करत होती ती.

"बऱ्याच घरांत निघतं हो असं," साळवी म्हणाले. "लोक बाहेरचं मोजायला येतात."

"हे कुणाकुणाला दिसतं?"

"घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला. नियमच आहे."

"म्हणजे माझ्या मिस्टरांना—"

"त्यांनी पहिल्याच आठवड्यात बघितलंय, ताई."

ती घरी आली तेव्हा म्वांगी ओट्यापाशी पालेभाजी चिरत होता. अंबू खाली खेळायला गेली होती. हर्षदानं पर्सही खाली ठेवली नाही.

"तू बघितलं होतंस."

त्याची सुरी थांबली. "हां."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? बायकोला म्हणू, तुझा श्वास अडतोय? मला वाटलं, तुझं तुला दिसंल. येक गल्ली, दोन गल्ल्या. तू लोकांवरच चिडायला लागलीस."

"मला कळत नव्हतं रे. शपथ."

"ठावं हाय मला. म्हणून तर गप बसलो." त्यानं भाजी पातेल्यात टाकली आणि झाकण ठेवलं. "माझं काय न्हाई, हर्षदा. मी मोठा मानूस. इंग्लिश बोल म्हनलीस, बोललो. पन ती मागं ऱ्हायला लागली तवा मला झोप लागंना. आन् मग तू म्हनालीस मोझाईक."

"तिथं कुणी बघणार नाही तिच्याकडे."

"तिथं बी तू असनारच की," म्वांगी म्हणाला.

तो रागानं बोलला नव्हता. हर्षदा खुर्चीवर बसली आणि रडली. रडतानाही तिला वाटत होतं, हे रडणं कुणी ऐकू नये. ती उठून खिडकी लावायला गेली, मग तशीच थांबली, आणि खिडकी तिनं उघडी ठेवली.

दोन दिवसांनी, संध्याकाळी, ती तिघं पुन्हा त्रिदलला गेली. मनगटावर पट्ट्या नव्हत्या. रिक्षातून उतरल्यावर हर्षदानं मुलीपुढे हात केला, पण अंबू खाली वाकून बूट नीट करत होती. बुटांना नाडी नव्हती. हर्षदानं ते आज पहिल्यांदा बघितलं.

"ये ना," ती म्हणाली.

"तू हो पुढं, आई. मी येते."

"मी थांबते."

अंबूनं वर बघितलं, मग बाबाकडे बघितलं. शेवटी उठून तिनं हात दिला. आईच्या हातात तो हात नुसता पडून राहिला, तिनं बोटं मिटली नाहीत. समोरून कुणी आलं की अंबू आईच्या तोंडाकडे बघायची. हर्षदाचा श्वास दोनदा अडला, तिला तो आता कळत होता. हात मात्र तिनं सोडला नाही, आणि म्हणून फार मोठं काही केलं असंही तिला वाटलं नाही.

फडतरे काका दाराशीच होते. "आलात? मला वाटलं, पसंत नाही पडलं." मग ते अंबूकडे वळले. "त्या दिवशी झाकण धरून उभी होतीस, पण तुझ्या तोंडून नाव-गाव ऐकायचंच राहिलं. कुठली गं तू?"

अंबूनं आधी आईकडे बघितलं. मग तिनं आईचा हात किंचित ओढला आणि तिला ऐकू जाईल इतपत आवाजात विचारलं, "आई, आज काय सांगायचं?"

काकांना ते ऐकू गेलं. म्वांगीलाही गेलं. त्यानं खाली बघितलं.

"खरं सांग," हर्षदा म्हणाली. आणि पोरीच्या गळ्यात हे ओझं कशाला, असं वाटून तीच बोलली. "काका, आम्ही नैरोबीहून आलोय. ही वाम्बुई. आम्ही अंबू म्हणतो. त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"ते साहेबांनी सांगितलं की मला मोटरीपाशी. मराठी काय बोलतात हो, आमच्या कोरेगावच्या मामांसारखं!" काका हसले, मग त्यांचं हसू ओसरलं. "पण खोटं कशापायी, ताई? आम्ही काय खाणार होतो?"

उत्तरं पुष्कळ होती. लोक कसे असतात, जागा कशा मिळत नाहीत, आईला काळजी किती असते. सगळी तिच्या जिभेवर तयार होती आणि त्यातलं एकही पूर्ण खोटं नव्हतं.

"लाज वाटत होती," हर्षदा म्हणाली.

"कशाची?"

"हिची. माझ्या लेकीची लाज वाटत होती मला."

 काका किल्ल्यांचा जुडगा उगाच चाळत राहिले. हर्षदाला वाटलं, आता अंबू हात सोडवून घेईल, आणि घेतला तर तिला अडवायचं नाही.

अंबूनं हात सोडवला नाही. ती आईच्या जवळ सरकली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन, धीर देत म्हणाली, "मला माहीत होतं, आई. पण मी कुणाला सांगितलं नाही."